लगतचे खातेदार

दोन तास एकवीस मिनिटं जंगल तुडवायचं, ताप, बाण, पिरान्हा, मध्येच पहिलं महायुद्ध, सगळं सोसायचं आणि शेवटी शहर दाखवायचंच नाही, ही कुठली रीत? जेम्स ग्रे दिग्दर्शित 'द लॉस्ट सिटी ऑफ झेड' या चित्रपटावर सर्वसामान्य प्रेक्षकांचा जो राग आहे, तो मुळात एवढाच आहे. नावात शहर आहे, जाहिरातीत शहराचा शोध आहे आणि चित्रपटात शहर नाही.

समीक्षकांचं मत अगदी उलट. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवाची सांगता या चित्रपटानं झाली आणि जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतलं. असे भव्य, शांत, जुन्या घडणीचे चित्रपट आता कोण काढतं, हा सूर बहुतेक परीक्षणांत होता. पुढच्या एप्रिलमध्ये तो अमेरिकेत चित्रपटगृहांत लागला. सुमारे ३ कोटी डॉलर खर्च झालेल्या या चित्रपटाला जगभरातून २ कोटीही परत मिळाले नाहीत. परीक्षणांची टक्केवारी काढणाऱ्या संकेतस्थळावर समीक्षकांचा कौल ८५च्या पुढे आणि प्रेक्षकांचा ६०च्या आसपास. एवढी तफावत दिसली की एक तयार निष्कर्ष काढला जातो : प्रेक्षकांना संथ काही पचत नाही, त्यांना धावपळ हवी. मला हा निष्कर्ष मान्य नाही. 'शहर कुठाय?' हा प्रश्न उतावळ्या माणसाचा म्हणून बाजूला सारला गेला, पण या चित्रपटाबद्दल विचारला गेलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे असं मला वाटतं. आणि हे मी हा चित्रपट मनापासून आवडणारी प्रेक्षक म्हणून लिहिते आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पर्सी हॅरिसन फॉसेट, जन्म १८६७, इंग्लंडमधलं टॉर्की. ब्रिटिश तोफखान्यातला अधिकारी, ऐन तारुण्य सिलोनमध्ये त्रिंकोमालीच्या छावणीत गेलेलं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं १९०६ मध्ये त्याला बोलिव्हिया आणि ब्राझील यांच्यातली हद्द मोजायला पाठवलं. रबराला सोन्याचा भाव आला होता आणि चिकाचं कुठलं झाड कोणत्या देशात यावरून भांडणं पेटली होती. मग एकामागून एक मोहिमा. त्यातून त्याच्या मनात पक्कं बसलं की ब्राझीलमधल्या मातो ग्रोसोच्या जंगलात एका प्राचीन नगराचे अवशेष आहेत. त्याला त्यानं नाव दिलं 'झेड'. १९१६ मध्ये सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९२५ मध्ये थोरला मुलगा जॅक आणि जॅकचा मित्र रॅले रिमेल यांना घेऊन तो शेवटचा निघाला. २९ मे १९२५च्या पत्रात त्यानं बायकोला, नीनाला, लिहिलं की अपयशाची भीती बाळगू नकोस. त्यानंतर तिघांचाही पत्ता नाही.

ग्रेनं ही गोष्ट ज्या डोळसपणे मांडली आहे त्याला तोड नाही. दारियुस खोंजीचं छायाचित्रण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आहे, कोलंबियाच्या दमट जंगलात, डिजिटल कॅमेरा हाताशी असताना. त्यामुळे पडद्यावरचा प्रकाश पिवळट आणि जुना वाटतो, हिरवा रंग कुठेही भडक होत नाही. नदीवरचा बाणांचा प्रसंग मी पुन्हापुन्हा बघते. तराफ्यावर सगळे बेसावध, आणि एकदम काठावरून बाण. इतर कुठल्याही साहसपटात इथे बंदुका धडाडल्या असत्या. इथे फॉसेट ओरडून गोळीबार थांबवतो, हातरुमाल वर धरतो, सोबत्यांना गाणं म्हणायला लावतो आणि एकटा काठाकडे निघतो. बाण येतो तो छातीशी धरलेल्या वहीत रुततो. चार्ली हनमचा चेहरा त्या क्षणी शूर दिसत नाही, हट्टी दिसतो. प्रसंग पुष्कळ रंगवलेला आहे, पण खऱ्या मोहिमेतही, १९१० साली हीथ नदीवर, बाण येत असताना फॉसेटनं उलट गोळी झाडू दिली नव्हती आणि सोबत्यांनी वाद्य वाजवून गाणी म्हटली होती.

समीक्षकांनी याच गोष्टींची तारीफ केली आणि ती रास्त आहे. पण तेवढ्यावर ते थांबले. शहर न सापडणं हेच चित्रपटाचं सौंदर्य, शोध महत्त्वाचा, मुक्काम नव्हे, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. ऐकायला छान. मात्र या मांडणीत शहर हे फॉसेटच्या मनाचं प्रतीक होऊन जातं आणि मग ते खरोखर होतं की नव्हतं, कुणी बांधलं होतं, हे विचारायचं कारणच उरत नाही.

तिसरी प्रतिक्रिया इतिहासकाराची होती आणि ती सगळ्यात कडक होती. जॉन हेमिंग हे ब्राझीलच्या मूलनिवासींचा अनेक खंडांत इतिहास लिहिलेले अभ्यासक. ते स्वतः पुष्कळ वर्षं रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे संचालक होते, म्हणजे फॉसेटच्या घरातलेच म्हणायचे. चित्रपट आल्यावर त्यांनी जाहीरपणे लिहिलं की ही सत्यकथा नव्हेच. फॉसेट थोर संशोधक नव्हता, त्यानं काही शोधून काढलं नाही, आणि मूलनिवासींकडे तो समतेनं बघत होता ही तर शुद्ध थाप आहे, असा त्यांचा एकंदर रोख. आपल्याकडे ऐतिहासिक चित्रपट आला की 'सिनेमॅटिक लिबर्टी'वरून जो वाद होतो त्याचीच ही आवृत्ती. फरक इतकाच की इथे इतिहासकाराची तक्रार नायकाला कमी लेखलं ही नसून फार मोठं केलं ही आहे.

हेमिंग यांच्या बाजूनं पुरावा भरपूर आहे. चित्रपटातला फॉसेट सोसायटीच्या सभागृहात, टिंगल करणाऱ्या टोप्यांच्या गर्दीसमोर, मडक्यांचे तुकडे दाखवून ठणकावतो की जंगलातल्या माणसांनी संस्कृती उभी केली आहे. खऱ्या फॉसेटच्या डोक्यात मात्र वेगळंच मिश्रण होतं. रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं १७५३ सालचं एक हस्तलिखित त्यानं वाचलं होतं, त्यात कमानी आणि पुतळे असलेल्या उद्ध्वस्त दगडी नगराचं वर्णन आहे. गोऱ्या कातडीच्या 'इंडियनां'बद्दल, म्हणजे तिथल्या मूलनिवासींबद्दल, तो लिहीत असे. थोरला भाऊ थिऑसॉफीवाला, त्या पंथाच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांना 'सीक्रेट डॉक्ट्रिन' हा ग्रंथ सिद्ध करताना मदत केलेला. (या बाई १८७९ मध्ये मुंबईत उतरल्या आणि अड्यारला जाण्याआधी काही वर्षं तिथंच राहिल्या, हे इथं आठवतं. लुप्त खंड, लुप्त वंश, गुप्त ज्ञान यांचं ते वेड तेव्हा जगभर पसरलं होतं.) पर्सीलाही ते लागलं होतं. म्हणजे हा माणूस शहर शोधत होता खरा, पण ते तिथल्याच लोकांच्या पूर्वजांनी बांधलं असेल, ही गोष्ट त्याला चित्रपटात वाटते तितक्या सरळपणे कधी वाटली नसावी.

तरी हेमिंग यांच्या लेखानं माझं समाधान झालं नाही. खोटं काय ते त्यांनी दाखवलं, पण वाद पुन्हा फॉसेटभोवतीच फिरला. तो थोर की थिल्लर, एवढाच.

या कोंडीतून मला बाहेर काढलं ते माझ्या मामांनी. मामा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, नोकरीभर सातारा-सांगलीकडे शेतजमिनींची मोजणी केली. हा चित्रपट मी त्यांना घरी लावून दिला तो निव्वळ त्यात मोजणी आहे म्हणून. थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची तिपाईवरची दुर्बीण, दिसल्यावर ते सरसावून बसले. पाऊस, चिखल, तिपाई रोवायला जागा नाही, हे सगळं त्यांना ओळखीचं होतं. रबराच्या मालकाच्या वसाहतीत, भर जंगलात, ऑपेरा चालू असतो आणि भोवती गुलाम उभे असतात, तो प्रसंग संपल्यावर त्यांनी हातानं खूण करून चित्रपट थांबवायला लावला.

"अगं, नोटीस कुणाला दिली?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. मोजणी लागली की अर्जदाराबरोबर लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते. अमुक तारखेला हजर राहा. त्या दिवशी बांधावर सगळे जमतात, भांडतात, आपापली वहिवाट दाखवतात, जबाब लिहून घेतले जातात. नकाशावर अभिलेखाची हद्द एका रेघेनं आणि वहिवाट तुटक रेघेनं दाखवायची. लगतच्यांना न कळवता केलेली मोजणी टिकत नाही, कुणीही हरकत घेऊ शकतं.

"इथं दोन देशांची हद्द घालतायत. अर्जदार दोन, मोजणीदार तिसरा, लंडनचा. आणि जे जमिनीवर आहेत त्यांचा जबाब कुणी घेतला?"

पुढे मामा दुसऱ्याच माणसाच्या मागे लागले. पहिल्या मोहिमेत ताद्जुई नावाचा एक मूलनिवासी वाटाड्या असतो, बेड्यांतून आलेला. नदीच्या उगमापर्यंत तोच नेतो, आणि जंगलात मोठं नगर असल्याचं फॉसेटला सांगतोही तोच. उगम सापडतो आणि तो निघून जातो. चित्रपटात पुन्हा येत नाही. पुढचे दीड तास फॉसेट लंडनमध्ये, युद्धात, परत जंगलात, मामा मात्र मधूनमधून विचारत राहिले की त्या गड्याचं काय झालं. शेवटची श्रेयनामावली लागली तेव्हा म्हणाले, "वहिवाट ज्याची, त्यालाच सोडून दिलं." चित्रपट वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. फॉसेटच्या मुलाचं काम करणारा पोरगा त्यांना फार आवडला आणि बापलेकांच्या शेवटच्या प्रसंगाला त्यांनी डोळेही पुसले. पण हरकत नोंदवली ती नोंदवलीच.

मी या चित्रपटाची बरीच परीक्षणं वाचली आहेत. हा मुद्दा इतक्या नेमकेपणानं मला त्यांत भेटला नाही.

तर मग, शहर कुठाय? ते आहे. शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात, मातो ग्रोसोतच, जिथून फॉसेट नाहीसा झाला त्याच टापूत. मायकेल हेकेनबर्गर हे अमेरिकी पुरातत्त्वज्ञ १९९०च्या दशकापासून तिथल्या कुइकुरो लोकांच्या गावात राहून काम करत आले. २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला, आणि त्याच्या लेखकांमध्ये कुइकुरोंचे प्रमुख अफुकाका यांचंही नाव आहे. एकोणीस वसाहतींची नोंद त्यात होती. गावांभोवती खंदक, काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत खोल. मधोमध मोठा गोल चौक. एका गावाहून दुसऱ्या गावाला सरळ रेषेत जाणारे रस्ते, दहापासून पन्नास मीटरपर्यंत रुंद. पाणथळ जागी बांध, मासे अडवायचे बंधारे, कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, शेती, पिकी फळाच्या राया. या वसाहतींच्या भरभराटीचा काळ साधारण इसवी सन १२०० ते १६०० यांमधला. सगळ्यात प्रसिद्ध झालेल्या जागेचं नाव कुहिकुगू.

दगड नाही. कमानी नाहीत, पुतळे नाहीत. माती, लाकूड आणि गवत. युरोपातून आलेल्या रोगांनी माणसं पटापट गेली, घरं कुजली, रान वर चढलं आणि जमिनीवर उरल्या त्या उंचसखल रेघा आणि काळी, कसदार, मडक्यांच्या खापऱ्यांनी भरलेली माती. हस्तलिखितातलं दगडी नगर शोधणारा माणूस अशा रेघेवर उभा असता तरी त्याला ती ओळखू आली नसती. आजचे कुइकुरो तशाच गोल चौकाभोवती घरं बांधतात, कसावाच लावतात आणि जुन्या जागांची नावं त्यांना पाठ आहेत. त्यांच्या दृष्टीनं काही हरवलेलं नव्हतंच.

यानंतर ॲमेझॉनमध्ये अशा वसाहती एकेक करून वर येत गेल्या. विमानातून लेझर सोडून झाडांखालची जमीन वाचायची लायडार पद्धत आली. २०२२ मध्ये बोलिव्हियातल्या कासाराबे संस्कृतीची नगरं 'नेचर'मध्ये छापून आली, २०२४ मध्ये इक्वादोरमधल्या उपानो खोऱ्यातलं रस्त्यांचं जाळं 'सायन्स'मध्ये. बोलिव्हिया तर फॉसेटच्या मोजणीचाच मुलूख.

ग्रेला हे ठाऊक होतं. चित्रपट संपताना पडद्यावर येणाऱ्या मजकुरात तो या शोधांचा उल्लेख करतो. पण मजकुरातच. 'शहर कुठाय' विचारणारा प्रेक्षक तोवर उठून दिवे लावत असतो. माझा या चित्रपटाशी खरा वाद इथे आहे. कुइकुरोंचं शहर दोन ओळींत आटोपलं आणि फॉसेटच्या स्वप्नाला दोन तास मिळाले. दिग्दर्शकाची निष्ठा कुठे आहे हे त्यावरून कळतं. तसं असायला हरकत नाही, प्रत्येक चित्रपट कुणाच्या तरी खांद्यावरून बघतो. मात्र या खांद्यावरून शहर दिसणं शक्यच नव्हतं.

नीनाबद्दल मात्र ग्रेनं मन मोठं केलं आहे. सिएना मिलरची नीना नवऱ्याला म्हणते, मीही येते, मी सक्षम आहे, आणि मूलनिवासींना बरोबरीचं मानणारा तोच नवरा बायकांचं काम काय यावर तिला सुनावतो. त्या एका प्रसंगात फॉसेटच्या उदारपणाची हद्द कुठपर्यंत आहे ते ग्रे दाखवतो. शेवटी वृद्ध होत चाललेली नीना सोसायटीच्या इमारतीतून बाहेर पडते आणि आरशात तिच्यापुढे जंगल उगवलेलं असतं. प्रत्यक्षातली नीना १९५४ पर्यंत जगली आणि दोघं परततील ही आशा तिनं अखेरपर्यंत धरून ठेवली. कंटाळा आला म्हणणाऱ्या किती तरी बायकांनी या व्यक्तिरेखेबद्दल मात्र भरभरून बोललेलं मी ऐकलं आहे.

आणि बापलेकांचा शेवट? चित्रपटात मूलनिवासी त्यांना मशालींच्या उजेडात, विधिपूर्वक, खांद्यावर उचलून नेतात. विलक्षण देखणा प्रसंग, आणि पूर्ण काल्पनिक. त्याच शिंगू खोऱ्यातल्या कालापालो लोकांच्या तोंडी परंपरेत जे आहे ते फार साधं आहे. तीन परके आले. दोन तरुणांची तब्येत खालावलेली, चालता येत नव्हतं. पूर्वेकडे जाऊ नका, तिकडचे लोक मारतील, असं सांगितलं. थोरल्यानं ऐकलं नाही. काही दिवस लांबवर त्यांच्या शेकोटीचा धूर दिसत होता, मग दिसेनासा झाला. या साक्षीवर बाहेरच्या जगानं कधी समाधान मानलं नाही. शोधपथकं येत राहिली. १९५१ मध्ये मूलनिवासींमध्ये काम करणारे ब्राझिली संशोधक ऑर्लांडो व्हिलास-बोआस यांना कालापालोंच्या मुलखात हाडं मिळाली, ती लंडनला नेऊन तपासली, तर ती फॉसेटची नव्हतीच. शेजाऱ्यांचा जबाब हातात असताना इतकी धावाधाव चालली होती.

तिकडच्या माणसाच्या खांद्यावरून बघणारे चित्रपट नाहीत असं नाही. सिरो गेराचा 'एम्ब्रेस ऑफ द सर्पंट' हा कोलंबियन चित्रपट २०१५चा, कृष्णधवल, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला. दोन युरोपी-अमेरिकी संशोधकांच्या रोजनिशींवर तो आधारलेला आहे, पण गोष्ट कारामाकाते या मांत्रिकाची. म्हातारा कारामाकाते साकारणारे अँटोनिओ बोलिव्हार २०२० मध्ये कोविडनं गेले. तोही संथ आहे, ग्रेच्या चित्रपटाहून संथ. मामांना तो जड गेला नाही.

पण त्याहीपुढची गोष्ट कुइकुरोंच्या गावातच घडली आहे. ताकुमा कुइकुरो हा तिथलाच तरुण चित्रपट करायला शिकला. २०११ मध्ये दोघा सहदिग्दर्शकांबरोबर त्यानं 'द हायपरवुमेन' केला. म्हातारी बायको जाईल या धास्तीनं एक नवरा पुतण्याला गळ घालतो की बायकांचा तो मोठा गाण्यांचा विधी पुन्हा भरव, तिला एकदा गाऊ दे. मग अख्खं गाव तयारीला लागतं. गाणी सगळी आठवणारी बाई आजारी, बाकीच्या जणी तालमी करतायत, चेष्टामस्करी चालली आहे. त्या गोल चौकातून कॅमेरा फिरतो तेव्हा मला थरारून गेलं. फॉसेट ज्याच्यासाठी मेला ती जागा ही, आणि इथं बायका गाणं चुकलं म्हणून हसतायत.

नंतर ताकुमा लंडनला गेला आणि तिथल्या लोकांवर, ते कसे राहतात, कसे फिरतात, यावर एक छोटा माहितीपट करून आला, एखाद्या गावाकडे बघावं तसा. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या शहराची मोजणी झाली म्हणायची.

मला आता फॉसेटची गोष्ट पुन्हा बघायची आहे ती शिंगूच्या कुणा दिग्दर्शकाकडून. फॉसेट झालेला हनम, त्याचा सोबती झालेला रॉबर्ट पॅटिन्सन, सगळे ताऱ्यांसारखे लांब राहिले तरी चालतील. तीन परके लंगडत गावात येतात, त्यांना खायला घातलं जातं, आणि ते पूर्वेकडे निघतात तेव्हा कुणीतरी वाटेत उभं राहून त्यांना अडवतं, इथून सुरुवात व्हावी. शहर दाखवायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.